रोज १४ नोंदी ठेवूनही फ्लेअर कसा सुटला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला नीट कळलाय का बघा. वय ३१, दोन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा), मेसालामिन (आतड्याची सूज कमी करणारं) आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं) चालू. फोनमध्ये तीन अ‍ॅप, हातात स्मार्टवॉच, रोज १४ गोष्टी भरताय, संडासच्या वेळांपासून मूडपर्यंत. एवढं करून फ्लेअर (आजार परत भडकणं) आला तो आलाच, स्टेरॉइड घ्यावं लागलं, आणि डॉक्टरांपुढे ग्राफ धरला तर त्यांनी "बरं बरं" म्हणून बाजूला सारला. आता विचारताय की चौथं कुठलं अ‍ॅप घेऊ की सगळंच डिलीट करून टाकू.

मी १६ वर्षं आयबीडी (आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचे आजार) नर्स म्हणून काम करतेय. त्यातली निम्मी वर्षं पेशंट घरून जे काही पाठवतात ते वाचायचं काम माझ्याकडे आहे, स्कोअर, मेसेज, फोटो (हो, तसलेही फोटो, जेवायच्या सुट्टीत उघडायची चूक मी एकदाच केली). म्हणजे तुम्ही 'सबमिट' दाबल्यावर पलीकडे जो माणूस असतो ना, तो मी. त्या बाजूने सांगते.

तुम्ही मध्येच एक वाक्य टाकलंय, "फ्लेअरच्या आधी तीन आठवडे ग्राफ चढतच होता, पण अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात होती म्हणून थांबलो." माझ्या मते सगळं उत्तर ह्यातच आहे. अ‍ॅपने काम केलं होतं हो. त्याने दाखवलं, तुम्ही पाहिलं, आणि पुढे काय करायचं ते कोणाचंच ठरलेलं नव्हतं. १४ पैकी एकाही आकड्यापुढे "एवढा झाला की हे करायचं, ह्या नंबरवर ह्या माणसाला कळवायचं" असं लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे कुठलं अ‍ॅप हा प्रश्न नंतरचा, आधी आकडा आणि कृती ह्यांची गाठ बांधायला हवी, आणि ती गाठ अ‍ॅप बांधत नाही, तुम्ही आणि तुमची टीम मिळून बांधता.

आता हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाहीये. डेन्मार्क आणि आयर्लंडमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, ३३३ पेशंट, सगळे कोलायटिसचे, सौम्य ते मध्यम आजारवाले. अर्ध्यांना वेबसाईट दिली, शिकवलं, आणि लक्षणं वाढली की ५-एएसए म्हणजे तुमचंच मेसालामिनच्या जातीचं औषध ठरलेल्या पद्धतीने स्वतः वाढवायची मुभा दिली. डेन्मार्कच्या गटात फ्लेअर मिटायला लागणारा मध्यक (मीडियन) काळ वेबवाल्यांचा १८ दिवस होता आणि नेहमीच्या पद्धतीवाल्यांचा ७७ दिवस. आता वेबसाईट काही जादूची नव्हती, २०१० ची वेबसाईट कशी असेल विचार करा. फरक पडला कारण लक्षण आणि औषध ह्यांच्यामध्ये जो वाट बघण्याचा काळ असतो तो कापला गेला.

ह्याउलट अमेरिकेत ३४८ लोकांवर एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला, त्यात वर्षभर मेसेजवर प्रश्न विचारायचे, काहींना दर आठवड्याला, काहींना आठवडाआड. आजाराच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारापेक्षा ठळक फरक दिसला नाही. अ‍ॅडमिशन कमी झाली पण फोन आणि मेसेज वाढले, म्हणजे माझ्यासारखीचं काम वाढलं (तक्रार नाही, पण हे कोणीतरी मोजलं ह्याचा आनंद झाला). आणि नेदरलँड्समध्ये ९०९ पेशंटवर जो झाला, २०१७ चा, त्यात वर्षभरात ओपीडीच्या फेऱ्या सरासरी २.३४ च्या जागी १.५५ झाल्या, अ‍ॅडमिशनही निम्मी झाली, आणि उपचाराचा दर्जा पेशंटच्या मते तेवढाच राहिला. तिथे अ‍ॅपच्या मागे माणसं बसलेली होती, अलर्ट आला की कोणीतरी फोन उचलून बोलत होतं. तर जिथे फायदा दिसतो तिथे पलीकडे कोणीतरी आहे, एवढं माझं निरीक्षण.

आमच्याकडचाच एक किस्सा सांगते. एका पेशंटने शुक्रवारी रात्री अ‍ॅपमध्ये लक्षणं भरली, रक्त, दिवसात ९ वेळा, ताप. स्क्रीन लाल झाली, "तुमच्या टीमला कळवलंय" असा मेसेज आला. तिला वाटलं आता फोन येईल. आम्हाला तो अलर्ट दिसला सोमवारी सकाळी साडेआठला. रविवारी ती स्वतःच इमर्जन्सीत पोचली होती म्हणून बरं. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या पेशंटला पहिलं हे सांगते की पाठवलं म्हणजे वाचलं असं नाही. तुम्हीही तुमच्या टीमला सरळ विचारा, मी भरलेलं कोण बघतं, कधी बघतं, सुट्टीच्या दिवशी काय. "कोणीच नाही" हे उत्तर आलं तरी चालेल, मग ते अ‍ॅप ही तुमची खाजगी डायरी आहे एवढं कळलं आणि फोन नंबर कुठला ते विचारून घ्या.

ह्यालाच जोडून, काही गोष्टी अ‍ॅपमध्ये भरत बसायच्याच नाहीत. दिवसात ६ किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि त्याबरोबर नाडी ९० च्या वर किंवा ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हे १९५५ पासूनचे निकष आहेत, अजूनही आम्ही तेच वापरतो, आणि त्याचा अर्थ आजच्या आज हॉस्पिटल. पोट फुगून कडक होणं, उलट्या थांबत नाहीत, तेही तसंच. एक पाय सुजून दुखणं किंवा अचानक धाप लागणं हेही, कारण आजार भडकलेला असताना रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि हे लोकांना माहितीच नसतं. तुम्ही अझाथायोप्रिनवर आहात तर नुसता ताप आला, पोट एकदम ठीक आहे, तरी त्याच दिवशी फोन करायचा, पांढऱ्या पेशी तपासायला लागतात.

आता काय मोजायचं. इथे परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच कबूल करते. तुम्हाला कोलायटिस आहे म्हणून मी रक्त, दिवसातून किती वेळा, आणि घाई लागते का, हे तीन म्हणेन, रात्री उठावं लागलं का हे चौथं. क्रोन्सवाल्यांचं (आयबीडीतलाच दुसरा आजार) वेगळं, त्यांना रक्त पडेलच असं नाही, तिथे पोटदुखी, पातळ संडास, वजन ह्याकडे बघायचं, आणि लहान आतड्याचा क्रोन्स असेल तर कित्येकदा माणूस "मी मजेत आहे" म्हणतो आणि आत सूज चालूच असते. स्टोमा (संडाससाठी पोटावर केलेलं छिद्र) असेल, आतड्याचा भाग काढला असेल, तर तयार अ‍ॅपमधले बरेचसे प्रश्नच लागू पडत नाहीत. अ‍ॅपमध्ये जे स्कोअर असतात ते काही आकाशातून पडलेले नाहीत, क्रोन्सचा सीडीएआय १९७६ चा आहे आणि त्याला ७ दिवसांची डायरी लागते, १९८० मध्ये हार्वे-ब्रॅडशॉने तो सोपा केला, कोलायटिससाठी १९९८ चा एससीसीएआय आहे. तुमचं अ‍ॅप ह्यातला कुठला स्कोअर वापरतं ते सेटिंगमध्ये किंवा माहितीत लिहिलेलं असतं, आणि नसेल लिहिलेलं, नुसतं "तुमचा आतड्याचा स्कोअर ७२" असं काहीतरी दाखवत असेल तर तो आकडा डॉक्टरांना काही सांगत नाही, त्यांनी "बरं बरं" म्हटलं त्यात त्यांची फार चूक नाही मग.

किती वेळा मोजायचं? बरं असताना आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, दोन मिनिटं. बिघडल्यासारखं वाटलं की रोज. रोज १४ गोष्टी भरण्याने मी लोकांना जास्त आजारी होताना पाहिलंय, म्हणजे आतडं तेच पण लक्ष सारखं पोटात. एक पेशंट पोटात गुडगुडलं तरी नोंद करायची, वेळेसकट. तिचं आतडं स्कोपीत (कॅमेऱ्याने आतून बघितल्यावर) स्वच्छ होतं, आणि तरी ती बाहेर पडायची बंद झाली होती. तिचं अ‍ॅप आम्ही दोन महिने बंद ठेवलं, तो उपचारच होता एक प्रकारचा. पण उलटही आहे, बरं असताना जे काहीच लिहीत नाहीत त्यांना आपलं 'नॉर्मल' काय तेच माहीत नसतं. तुमचं नॉर्मल दिवसाला ३ वेळा असेल तर ४ म्हणजे काही नाही, आणि १ असेल तर ४ म्हणजे मी कान टवकारते. म्हणून बरं असतानाची थोडीशी नोंद ही फ्लेअरमधल्या ढीगभर नोंदीपेक्षा जास्त कामाची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे जरा थांबून लिहिते. लक्षणं आणि सूज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजार शांत असलेल्या बऱ्याच लोकांना आयबीएससारखा त्रास होतच असतो, मुरडा, घाई, फुगणं, आणि सूज मात्र नसते. तसंच सूज असून लक्षणं नाहीत असंही होतं. आणि तिसरी शक्यता, इन्फेक्शन, विशेषतः सी. डिफिसिल नावाच्या जंतूचं, हुबेहूब फ्लेअरसारखं दिसतं, म्हणून घरी उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतः सुरू करणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट, आधी स्टूल टेस्ट. ह्या तिघांत फरक करणं लक्षणांच्या अ‍ॅपला जमत नाही, कुठल्याच, कितीही स्टार असले तरी. तिथे लागतं कॅलप्रोटेक्टिन.

हे पांढऱ्या पेशींमधलं प्रोटीन, आतड्याला सूज आली की ते संडासमध्ये उतरतं. आता घरी करायचे किट आलेत, नमुना घ्यायचा, पट्टीवर टाकायचा आणि फोनच्या कॅमेऱ्याने वाचायचं, निकाल क्लिनिकला जातो. माझ्या मते आयबीडीसाठी डिजिटल म्हणून जे जे आलं त्यात ही एक गोष्ट खरोखर वेगळी आहे, कारण इथे तुमच्या आठवणीचा, मूडचा संबंध नाही. क्रोन्सवर २४४ लोकांचा एक अभ्यास आहे, २०१७ चा, त्यात एका गटाची औषधं फक्त लक्षणं आणि स्टेरॉइड किती लागतं ते बघून वाढवली, दुसऱ्यात त्याबरोबर कॅलप्रोटेक्टिन २५० (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम) आणि सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) ५ ह्या रेषाही धरल्या. ४८ आठवड्यांनी आतडं भरून आलेलं दिसलं ४६ टक्क्यांत, आणि नुसत्या लक्षणांवर चाललेल्या गटात ३० टक्क्यांत. तुमचा आजार क्रोन्स नाही त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नका, पण दिशा तीच आहे, २०२१ ला जी आंतरराष्ट्रीय उद्दिष्टं ठरली त्यात कॅलप्रोटेक्टिन १०० ते २५० च्या आत आणणं हे दोन्ही आजारांसाठी घेतलंय.

पण त्याचे नखरे आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर आकडा वाढतो (आणि तसंही त्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका). एका कंपनीच्या किटचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून बघू नका. एकाच दिवसात दोन नमुन्यांत फरक पडतो, म्हणून शक्यतो सकाळची पहिली संडास. आणि एकदा २८० आला म्हणून झोप उडवून घ्यायची नाही, त्रास नसेल तर दोन-तीन आठवड्यांत परत करायची, दुसऱ्यांदाही वर असेल तर फोन. ७०० वगैरे असेल तर वाट बघायची नाही, बरं वाटत असलं तरी.

स्मार्टवॉचबद्दल विचारलंय. २०२५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, ३०९ लोक, अ‍ॅपल वॉच, फिटबिट, ओरा रिंग घातलेले. फ्लेअरच्या आधी, काही बाबतीत ७ आठवड्यांपर्यंत आधी, हृदयाचा आरामातला वेग आणि हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (दोन ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) बदललेली दिसली. वाचून मी पण खूश झाले. पण हे गटाचं गणित आहे. तुमच्या एकट्याच्या घड्याळात तोच बदल सर्दीने, जागरणाने, दारूने, ऑफिसच्या डेडलाईनने, पाळीमुळे पण दिसतो. म्हणून मी सध्या एवढंच म्हणते, आरामातला वेग आठवडाभर नेहमीपेक्षा वर राहिला आणि दुसरं काही कारण दिसत नसेल तर त्या आठवड्यात लक्षणांची नोंद जरा नीट करा आणि कॅलप्रोटेक्टिन थोडं आधी करून घ्या. औषध घड्याळावरून कधीच बदलायचं नाही. घालायला आवडत असेल तर घाला, ह्या आजारासाठी म्हणून मुद्दाम विकत घेऊ नका, तुमच्याकडे आहेच तर असू दे.

जेवणाच्या नोंदीबद्दल पटकन. वर्षभर प्रत्येक घास लिहायचा नाही. दोन आठवडे लिहा, काही ठळक दिसलं तर आहारतज्ज्ञाला दाखवा, मग बंद. नाहीतर लोक एकेक पदार्थ सोडत जातात आणि शेवटी वजन आणि लोह दोन्ही खाली, सूज आहे तिथेच.

आता एक कंटाळवाणी गोष्ट जी सगळ्या ग्राफपेक्षा जास्त उपयोगाची आहे, साधं फोनचं कॅलेंडर आणि गोळीचा अलार्म. २००३ चा एक छोटा अभ्यास आहे, ९९ लोक, कोलायटिस शांत, मेसालामिन चालू, जे ८० टक्क्यांपेक्षा कमी औषध घेत होते त्यांना परत फ्लेअर येण्याचा धोका पाचपटीपेक्षा जास्त. बरं वाटायला लागलं की गोळी विसरते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की रागवायचंही सोडून दिलंय. तुमच्या १४ गोष्टींमध्ये "आज गोळ्या घेतल्या का" हे मला कुठे दिसलं नाही, मुद्दाम वगळलं नसेल असं धरते. कॅलेंडरमध्ये अझाथायोप्रिनच्या रक्ततपासण्या टाका, घडी बसल्यावर साधारण दर ३ महिन्यांनी, सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) आणि लिव्हर. मेसालामिनसाठी वर्षातून एकदा किडनी. आणि आजार सुरू होऊन ८ वर्षं झाल्याच्या आसपास कॅन्सरसाठीची तपासणी-स्कोपी सुरू करायची असते, ती तारीख आजच टाकून ठेवा, तोपर्यंत डॉक्टर बदललेले असतील, फाईल हरवलेली असेल, कॅलेंडर राहील. पीएससी नावाचा पित्तनलिकेचा आजार बरोबर असेल तर मात्र ही स्कोपी निदानापासूनच दरवर्षी.

एआय चॅटबॉटला रिपोर्ट दाखवतो असंही लिहिलंय तुम्ही. रिपोर्टमधला शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढायला चांगला आहे, मी स्वतः पेशंटसाठीची पत्रकं सोपी करायला वापरते. डोस, स्टेरॉइड कमी कसं करायचं, औषध थांबवू का, हे त्याला विचारायचं नाही. तो न अडखळता उत्तर देतो, हाच त्याचा धोका. आणि नाव, जन्मतारीख काढून मगच रिपोर्ट टाका. तीच गोष्ट अ‍ॅपची, ते लोकेशनची परवानगी कशाला मागतं हे बघा, आणि दर तीन महिन्यांनी डेटा बाहेर काढून स्वतःकडे ठेवा, अशी अ‍ॅप गुपचूप बंद पडतात आणि दोन वर्षांच्या नोंदी त्यांच्याबरोबर जातात.

तर तुमच्या जागी मी काय करेन. तिन्हीपैकी एकच अ‍ॅप ठेवेन, ज्यात एससीसीएआय आहे आणि एका पानाची पीडीएफ निघते. वर लिहिलेल्या त्या चार गोष्टी आणि गोळी, बाकी सगळं बंद. पुढच्या व्हिजिटला ग्राफ नेणार नाही, एका कागदावर तीन ओळी नेईन: माझं नॉर्मल एवढं आहे, मागच्या वेळी ह्या तारखेला बिघडायला लागलं, आणि परत असं झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता मी काय करू, कोणाला कळवू. ह्या तिसऱ्या ओळीचं उत्तर त्यांच्याकडून लिहून घ्या, त्यांच्या अक्षरात. कोणी म्हणेल लागोपाठ ३ दिवस रक्त दिसलं तर एनिमा सुरू करा आणि फोन करा, कोणी म्हणेल आधी स्टूल टेस्ट, कोणी म्हणेल काहीही स्वतः करू नका फक्त कळवा. तुमचा आजार किती लांबपर्यंत पसरलाय, मेसालामिनचा डोस आधीच पूर्ण आहे का, ह्यावर ते ठरतं, मी इथून नाही सांगू शकत. १० मिनिटांच्या भेटीत ग्राफ वाचायला वेळ नसतो पण ह्या प्रश्नाला असतो, मी त्या खोलीत बसलेली असते म्हणून सांगते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, बरं असताना कॅलप्रोटेक्टिन कधी केलं होतं का आणि किती आलं होतं. आकडा असेल तर इथे लिहा, मी बघते. नसेल तर अ‍ॅप वगैरे राहू दे बाजूला, स्टेरॉइड संपून बरं वाटायला लागलं की पहिलं काम तेच.